त्र्याहत्तर नंबरचं हृदय

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचत होते. आमच्या घरी भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जायचे. नागपूरला आमच्या कॉलनीत एका पिंपळाखालून मुली तिन्हीसांजेला जात नसत, तर मी मुद्दाम तिथेच सायकल लावायचे. तेव्हा लिहिणारी बाई भोळीभाबडी आहे असं समजून वाचू नका. खचलेली आहे, ते मात्र खरं. आणि लिहून मोकळं वाटेल अशीही फारशी आशा नाही... पण एकदा कुठेतरी जसं घडलं तसं लिहून ठेवायचं होतं.

२००४ मध्ये मी कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करायला इंग्लंडला आले. राहायचे रीडिंगला, केतकी नावाच्या पुण्याच्या मैत्रिणीबरोबर. ती ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. माझी युनिव्हर्सिटी ट्रेनने पाऊण तासावर. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही, कारण तिची यात काही चूक नाही. तिथे तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मोटरला लागून माझी कामाची खोली. खिडकीतून कार पार्क दिसायचा. खोलीत तीन डेस्क, त्यातली दोन रिकामी.

माझं काम असं होतं – हृदयाचे ठोके ऐकून व्हॉल्व्ह खराब आहे की नाही हे सांगणारं सॉफ्टवेअर लिहायचं. अशा सॉफ्टवेअरला आधी शिकवावं लागतं. हे हृदय आजारी, हे निरोगी, हे पुन्हा आजारी... अशी कितीतरी हृदयं ऐकवायची. मग त्याने कधीही न ऐकलेली हृदयं देऊन त्याची परीक्षा घ्यायची. परीक्षेतलं हृदय आधीच शिकवण्यात येऊन गेलं असेल तर पेपर फुटला. मग मार्क कितीही पडोत, त्यांना अर्थ नाही. आपल्याकडच्या माणसाला हे जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

पेपर फुटू नये म्हणून माझे गाइड, डेरेक, फार जपायचे. साठीचे गृहस्थ, बोलणं मोजकं, कौतुक त्याहून मोजकं. परीक्षेची रेकॉर्डिंग्ज सीडीवर घालून त्यांनी आपल्या कपाटात कुलूपबंद केली होती. मी ती ऐकायची सुद्धा नाहीत असा नियम होता.

रेकॉर्डिंग्ज दोन ठिकाणांहून आली. २००५ च्या उन्हाळ्यात रीडिंगमधल्या मराठी मंडळींचा एक आरोग्य मेळावा मी भरवला. एका शाळेचा हॉल, कुणी पोहे आणलेले, कुणी चिवडा, ब्लडप्रेशर तपासायला एक डॉक्टर, आणि कोपऱ्यात पडदा लावून मी इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप घेऊन बसलेली. दुसरी रेकॉर्डिंग्ज पश्चिम लंडनमधल्या एका हॉस्पिटलातली. तिथे मॉरीन नावाची नर्स वर्षभर, जमेल तशी, हार्ट क्लिनिकच्या पेशंट्सची रेकॉर्डिंग्ज करून मला पाठवायची. सगळ्यांची नावं आणि पत्ते मॉरीनच्या ड्रॉवरमध्ये. माझ्याकडे फक्त नंबर. एक ते साठ हॉस्पिटलचे, एकसष्टपासून पुढे मेळाव्याचे.

मेळाव्यात एक अडचण आली. आपली माणसं! छातीला स्टेथोस्कोप टेकवला रे टेकवला की गप्पा सुरू. तू मूळची कुठली, नागपूरची का, मग धंतोलीतले अमुक माहीत असतील, लग्नाचं काय, स्थळ बघू का... आणि बोललं की छातीतून आवाज येतो, रेकॉर्डिंग वाया जातं. पहिली चार वाया गेल्यावर मी एका पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहिलं – "रेकॉर्डिंग चालू असताना कृपया एक शब्दही बोलू नका. काही सांगायचं असेल तर नंतर सांगा." तो पुठ्ठा दाखवला की सगळे तोंडावर बोट ठेवून बसायचे. इतका उपयोग झाला की नंतर मी तेच कार्डांवर नीट लिहून, लॅमिनेट करून मॉरीनलाही दिलं. तिच्याकडे मराठी आजी-आजोबा अधूनमधून यायचे.

पुढचं सव्वा वर्ष मी हृदयं ऐकली. अक्षरशः. हॉस्पिटलच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये ठोका कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे हेडफोन लावून हाताने खुणा करून ठेवायचं. एकेका माणसाला कधी दोन दिवस, कधी आठवडा. नंबरांशी माझी ओळख झाली होती. बारा नंबर घाईत असायचा, एकोणीस नंबर झोपाळू. एक्केचाळीसवर माझे तीन आठवडे गेले, कारण ते हृदय दर सात-आठ ठोक्यांनी उंबरठ्याला अडखळावं तसं जरासं अडखळायचं आणि खुणा चुकायच्या. केतकी म्हणायची, "तुला जिवंत माणसांपेक्षा या नंबरांचीच जास्त माया आहे." होती, खोटं कशाला बोलू.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये डेरेक यांनी कपाट उघडलं. परीक्षेचा निकाल ठीकठाक लागला, फार चांगला नाही. पण एक गंमत झाली. त्र्याहत्तर नंबर, मेळाव्यातला. आमच्या यादीत 'निरोगी'. सॉफ्टवेअर मात्र ठामपणे म्हणत होतं की हे हृदय आजारी आहे. डेरेक म्हणाले, "खात्री करून घेऊ." मॉरीनने त्या माणसाच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. दोन आठवड्यांनी त्यांच्या मुलाचं उत्तर आलं. आईला यंदा वसंतात व्हॉल्व्हचा आजार निघालाय, तुम्हाला कसं कळलं?

म्हणजे डॉक्टरांच्या आधी जवळजवळ वर्षभर माझ्या सॉफ्टवेअरला कळलं होतं! डेरेक, जे आयुष्यात "नॉट बॅड"च्या पुढे गेले नव्हते, ते त्या दिवशी डिपार्टमेंटसाठी केक घेऊन आले. त्यावरचा शोधनिबंध स्वीकारला गेला. हॉस्पिटलने विचारलं, वसंतात क्लिनिकमध्ये वापरून बघू या का? नागपूरला बाबांनी कुणाकुणाला सांगितलं हे मी मोजायचं सोडून दिलं. ते मला पत्रं पाठवायचे, अजूनही पाठवतात. पाकिटावर त्यांनी तेव्हापासूनच 'डॉ.' लिहायला सुरुवात केली. "बाबा, अजून झाले नाही हो," म्हटलं की म्हणायचे, "होशील ना बाप्पा, शाई कुठं वाया चालली?"

आता तो दिवस. २००७ चा फेब्रुवारी, मंगळवार, दुपारचे साडेतीन. मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत नेहमी अमावास्या असते. बाहेर लख्ख ऊन होतं, कार पार्कमध्ये कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं. मी थीसिसचं शेवटचं प्रकरण लिहीत होते आणि त्यासाठी त्र्याहत्तरचा आलेख हवा होता. आलेख काढला, आणि सहज हेडफोन लावले. ते रेकॉर्डिंग मी कधीच ऐकलं नव्हतं. मेळाव्यात मी केलं होतं खरं, पण तेव्हा मी फक्त मशीनचा लाल दिवा बघत होते... माणसांची रांग लागली होती.

पहिले दहा-बारा सेकंद नुसते ठोके. मग एक बाई बोलली.

लहानपणी आईच्या पाठीला कान लावून तिचं बोलणं ऐकलंय कधी? शब्द कानातून येत नाहीत, हाडांतून येतात. तसं ते होतं. म्हातारा, समजूतदार आवाज. कुणाला घाबरवायचा हेतू नाही, काही मागणं नाही.

"कुसुमपण मीच गं. माहेरची."

बस, एवढंच. पुन्हा ठोके.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आणि तिन्ही वेळा समोर पडद्यावरच्या आलेखात नुसते ठोके – बोलण्याची एक रेघ नाही. बोललं की आलेखाचं कसं झाडझुडूप होतं ते मी शेकडो वेळा बघितलं होतं. चौथ्यांदा लावलं तेव्हा आवाज गेला. त्यानंतर तो कधीच आला नाही. आजपर्यंत नाही.

पण चौथ्यांदा, आवाज नसल्यामुळे असेल, मला खाली चाललेले ठोके नीट ऐकू आले. सहा, सात... अडखळ. पुन्हा सहा, सात, आठ... अडखळ.

ते एक्केचाळीस होतं.

मला दरदरून घाम फुटला. भूत ऐकलं म्हणून नव्हे हो – पेपर फुटला म्हणून! एक्केचाळीस शिकवण्यात होतं आणि त्यावर 'आजारी' असा शिक्का होता. त्र्याहत्तर परीक्षेत. दोन्ही एकच बाई असेल तर माझ्या सॉफ्टवेअरने आजार ओळखलाच नव्हता. त्याने फक्त ओळखीचं माणूस ओळखलं होतं.

त्या संध्याकाळी मी दोन गोष्टी केल्या. डेरेक यांच्याकडून कुलपातली सीडी मागून घेतली आणि माझी फाइल त्या मूळ फाइलशी पडताळली. एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला तरी या पडताळणीत कळतं. काही बदललेलं नव्हतं. आणि लक्षात घ्या, ती सीडी २००५ मध्येच बंद झाली होती. हॉस्पिटलमधलं एक्केचाळीसचं रेकॉर्डिंग त्यानंतर दहा महिन्यांनी झालंय. म्हणजे २००५ च्या फाइलमधली बाई पुढच्या वर्षी होणाऱ्या गोष्टीबद्दल मला सांगत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे एक्केचाळीसला शिकवणीतून काढून सगळं पुन्हा चालवलं. दोन तास लागतात. मी नखं खात बसले. सात वाजता निकाल आला. त्र्याहत्तर – निरोगी.

केतकीला सगळं सांगितलं. ती शांतपणे भाजी चिरत होती. म्हणाली, "अगं, तू तीन वर्षं सुट्टी घेतलेली नाहीस. यू आर एक्झॉस्टेड. आवाज-बिवाज काही नाही, तुझ्या कानानं ठोका ओळखला आणि डोक्यानं बाकीची कथा रचली."

"आणि कुसुम?"

"असेल कुणी मावशी-आत्या."

"नाहीये. आणि निकाल उलटला, त्याचं काय?"

तिने सुरी खाली ठेवली. "हे बघ, कुणाला कळणारे? नावं तुला माहीत नाहीत, एक्झॅमिनरला माहीत नाहीत, डेरेकला माहीत नाहीत. स्कॉलरशिप सप्टेंबरमध्ये संपतेय, मग तुझा व्हिसा. सबमिट कर आणि मोकळी हो ना. हातातोंडाशी आलेला घास कुणी टाकतं का?"

खोटं सांगणार नाही, नऊ दिवस मी गप्प बसले. डेरेक यांनी विचारलं, प्रकरण कुठवर आलं? म्हटलं, होतंय. आलेख सुबक काढला, खाली ओळीही लिहिल्या. रोज सकाळी वाटायचं, आज आवाज पुन्हा ऐकू आला तर सांगेन. रोज हेडफोन लावायचे. तो आला नाही. मग मी स्वतःला समजावायचे, बघ, काही नव्हतंच.

दहाव्या दिवशी हॉस्पिटलचा मेल आला. क्लिनिकमध्ये सॉफ्टवेअर कधी बसवायचं? मी तो मेल वाचला आणि मला कळलं की आता हे माझ्या एकटीच्या डिग्रीपुरतं राहिलेलं नाही. उद्या कुणाच्या तरी आईला हे मशीन 'निरोगी' म्हणणार, आणि ती बिचारी भाजी घेऊन घरी जाणार. मी मॉरीनला फोन लावला.

"नावं मी सांगू शकत नाही, लव्ह. यू नो दॅट."

"सांगू नका. मी एक नाव सांगते, तुम्ही फक्त यादीत बघा. एक्केचाळीस नंबर... कुसुम आहे का?"

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग कागद चाळल्याचा.

"हू टोल्ड यू?" मॉरीन म्हणाली.

 त्र्याहत्तरचं नाव विचारलं, तर तिनेच वाचलं – रमा. आडनाव दोघींचं जोशी. "पण त्या मेळाव्यात नऊ जोशी होते, लव्ह! जन्मतारीख वेगळी, पत्ता वेगळा. मला कसं कळणार?"

तिला खरंच कसं कळणार? तिला कुठे माहीत होतं की आमच्याकडे लग्नात बाईचं नावसुद्धा बदलतात? शाळेच्या दाखल्यावर कुसुम, म्हणून पासपोर्टवर कुसुम, म्हणून हॉस्पिटलात कुसुम. घरात, मंडळात आणि माझ्या फॉर्मवर रमा. दाखल्यावर जन्मतारीख एक जून, कारण त्या काळी शाळेत घालताना मास्तर सरसकट एक जूनच लिहायचे. माझ्या फॉर्मवर खरी तारीख. मेळाव्याच्या वेळी मुलाकडे रीडिंगला, नंतर मुलीकडे पश्चिम लंडनमध्ये, ईलिंगला. हे सगळं एखाद्या मराठी माणसालाच कळलं असतं. आणि त्या प्रोजेक्टमध्ये मराठी माणूस एकच होतं – मी. मीच फॉर्म बनवला, आणि त्यात 'माहेरचं नाव' हा रकाना ठेवायचं मला सुचलं नाही. माझ्या स्वतःच्या आईची दोन नावं आहेत.

मी मॉरीनला मधलं नाव बघायला सांगितलं. ते नवऱ्याचं असतं. दोन्हीकडे वामन.

"ओह डिअर," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "कुसुम गेल्या डिसेंबरमध्ये वारल्या, लव्ह."

डेरेक यांना मी त्याच दिवशी सांगितलं – एकच बाई दोनदा आली आहे, निकाल खोटा आहे. कसं शोधलंस, म्हणाले. म्हटलं, ठोका ऐकून. त्यांनी दोन्ही रेकॉर्डिंग्ज स्वतः ऐकली. शेवटी म्हणाले, "यू डिड द राइट थिंग." मला त्या वाक्याचा इतका राग आला! योग्य केलं म्हणून कुणी केक आणत नाही. शोधनिबंध मागे घेतला. हॉस्पिटलने नम्रपणे नको म्हटलं. नवी रेकॉर्डिंग्ज गोळा करायला वेळ नव्हता आणि स्कॉलरशिप वाढवून मिळाली नाही. मला पीएचडीऐवजी एमफिल दिली. नापास नाही म्हणायचं, म्हणून देतात ती. मी ब्रॅकनेलला नोकरी धरली, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं बरं, जेवली ना तू?" पुढच्या पत्रावर नुसतं नाव होतं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच मला आजही सहन होत नाही.

एक प्रश्न तर मी कुणाला विचारूही शकत नाही. मेळाव्यात त्या बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. तो अडखळता ठोका त्या दिवशीही होता. मी लाल दिवा बघत होते आणि त्यांनी कुठलाही आजार सांगितला नाही म्हणून फॉर्मवर 'निरोगी' अशी खूण केली. मी कान दिला असता, मेळाव्यातल्या डॉक्टरांना नुसतं बोलावलं असतं, तर त्या अजून असत्या का? की तो ठोका तेव्हा निरुपद्रवी होता? आता कळायला मार्ग नाही.

रमा हे नाव मी मेळाव्यात कुठेतरी वाचलं असेल, हे मला मान्य आहे. कुसुम कुठून आलं, ते मला माहीत नाही. खूप डोकं फोडलं, मिळेल ते वाचलं. कुणाला सुचलं तर खाली लिहा, पण "तुला भास झाला" एवढंच लिहायचं असेल तर केतकीचं ते आधीच सांगून झालंय.

हे सगळं मी मिटवून टाकलं असतं. पण मागच्या दिवाळीत ईलिंगला फराळाच्या कार्यक्रमात माझ्या शेजारी शुभदाताई बसल्या. पन्नाशीच्या, पहिल्यांदाच भेटत होतो. मी पूर्वी काय करायचे ते निघालं, तेव्हा त्यांनी चकलीची प्लेट खाली ठेवली.

"अय्या, म्हणजे तूच ती! माझ्या आईनं ठोक्यांचं रेकॉर्डिंग दिलं होतं तुमच्यासाठी, हॉस्पिटलमध्ये. मीच घेऊन गेले होते तिला."

मी आईचं नाव विचारलं नाही.

"ती नर्सला काहीतरी सांगायला बघत होती," शुभदाताई म्हणाल्या. "अगं, माझं एकदा... असं सुरू केलं तिनं. तिला इंग्लिश यायचं नाही, आणि मला ऑफिसला उशीर होत होता. मी म्हटलं, आई, गप्प बस ना, बघ काय लिहिलंय. तिथे एक कार्ड होतं. सुंदर अक्षर, आपल्या मराठीत. आईला इतकं कौतुक वाटलं त्याचं! परदेशात कुणी मराठीत लिहून ठेवलंय म्हणून. मग झाल्यावर आमची बस पकडायची धावपळ... राहूनच गेलं. काय सांगायचं होतं कुणास ठाऊक."

"कार्ड वाचून काही म्हणाल्या का त्या?" मी विचारलं.

"हो ना," शुभदाताई हसल्या. डोळ्यांत पाणी होतं. "तोंडावर बोट ठेवलं, आणि म्हणाली – बरं बाई, नंतर सांगते."